विकिपीडियावर डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही का?

परळवाली (धागाकर्ती)

मराठी विकिपीडियावर नवीन आहे. धूळपाटीवर (तिथलं सरावाचं पान) थोडा हात बसवून घेतला आणि मग हिंमत करून गिरणगावच्या लेखात खानावळींवर एक परिच्छेद घातला. दुसऱ्या दिवशी बघते तर गायब. लेखाच्या इतिहासात (बदलांच्या नोंदीत) शेरा : 'संदर्भ नाही, उलटवले.' परत घातला, परत उडवला. आणखी एकदा घातल्यावर माझ्या चर्चापानावर 'कृपया संपादन युद्ध टाळा' अशी सूचना येऊन पडली. युद्ध? मी तर जेवणाबद्दल लिहीत होते.

परिच्छेद असा होता :

'गिरणगावातल्या खानावळी हा गिरणी कामगारांचा खरा आधार होता. कामगार बायकापोरं गावी ठेवून मुंबईत राहत. एकेका खोलीत वीस-वीस माणसं पाळीप्रमाणे झोपत आणि जेवायला खानावळीत जात. खानावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालत. १९८२ च्या संपात त्यांनी कित्येक महिने फुकट जेवण दिलं. संपामुळे गिरणगावातल्या सगळ्या खानावळी बंद पडल्या.'

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. उधारीची वही अजून घरात आहे. रातपाळीवाल्यांचे डबे मी स्वतः पोचवलेत. आता मला सांगा, हेच दुसऱ्या कुणी पुस्तकात छापलं की खरं, आणि आम्ही सांगितलं की खोटं, हा कुठला न्याय? तिथे नियम शिकायला सुरुवात नेमकी कुठून करायची तेही सांगा. मदतपानं वाचली, डोकं गरगरलं.

डबलडेकर

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर रात्री.

नुक्ता

तिथे थोडंफार काम करतो म्हणून लिहितो. (प्रचालक, म्हणजे खाती रोखायचे वगैरे अधिकार असलेला सदस्य, मी नाही. आधीच सांगतो, नाहीतर व्यक्तिगत निरोप सुरू होतात.)

तुम्हाला खोटं कुणीच म्हटलेलं नाही. तिथे एकच बघतात, वाचणाऱ्याला ते ताडून बघता येतं की नाही. तुम्ही परळच्या, आईची खानावळ होती, हे इथे आम्हाला माहीत. नांदेडला बसून लेख वाचणाऱ्या मुलीला काय माहीत? उद्या दुसरा कुणी येऊन 'माझे वडील गिरणीत होते, खानावळीतलं जेवण भिकार असायचं' असं लिहील. मग तुमचं ठेवायचं की त्याचं? शेजारीपाजारी ओळखतात म्हणून रेशनकार्डावर नाव चढत नाही, तसंच आहे हे.

संदर्भ ऑनलाइनच हवा असा एक गैरसमज आहे. छापील पुस्तक चालतं, मासिक चालतं, इंग्रजी पुस्तक मराठी लेखाला चालतं. लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान. पान क्रमांक लिहा हो! लोक सातशे पानी ग्रंथाचं नाव टाकून मोकळे होतात आणि ताडणारा बसतो पानं उलटत. आणि संदर्भ शोधायची जबाबदारी माहिती घालणाऱ्याची, काढणाऱ्याची नाही. हे अन्यायाचं वाटतं, पण उलटं केलं तर कुणीही काहीही लिहून जाईल आणि बाकीचे जन्मभर खोडत बसतील.

वागणुकीचं म्हणाल तर उडवलं की परत घालायचं नाही. लेखाच्या चर्चापानावर जायचं, हा परिच्छेद घालायचाय, अमुक अडचण आहे, मदत करा, असं लिहायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर २४ तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की खातं गोठवलं जाऊ शकतं, तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी.

खोडरबर

नुक्ता, सगळं मान्य. पण 'संदर्भ हवा' नावाचा साचा, म्हणजे वाक्यापुढे लावायची तयार खूण, कशासाठी आहे मग? वाक्यापुढे तो लावला असता तर माहितीही राहिली असती आणि बाईंनाही कळलं असतं काय कमी आहे ते. तिघाचौघांनी सांभाळलेला विकि, त्यात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याच्या लेखनावर झाडू. मग चावडीवर (तिथल्या सामायिक चर्चेच्या पानावर) रडायचं की नवीन सदस्य टिकत नाहीत.

नुक्ता

साचा लावता आला असता, मीही तोच लावला असता. नवागतांशी नीट वागा हे तिथल्या जुन्या संकेतांपैकी एक आहे, आणि २०२१ पासून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणारी संस्था) सगळ्या प्रकल्पांना लागू अशी सार्वत्रिक आचारसंहिता आहे. त्यातही समोरच्याचा हेतू चांगला आहे असं धरून चाला, नव्यांना हात द्या, हेच लिहिलंय.

फक्त काढणाऱ्याच्या बाजूचंही बघा. अलीकडच्या बदलांचं पान उघडलं की खातं न काढता नुसत्या अंकपत्त्यांवरून (आयपी) आलेल्यांची नासधूस, कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणी आपल्या साहेबांना 'लाडके व्यक्तिमत्त्व' करून ठेवलेलं. त्या गर्दीत बिनासंदर्भाचा चांगला परिच्छेदही त्याच रांगेत उभा दिसतो.

कोपऱ्यावरचा

विकिपीडिया म्हणजे चार टाळक्यांची जहागीर. सोडा हो ताई, ब्लॉग काढा.

फणसगरे

@कोपऱ्यावरचा, हे तुम्ही प्रत्येक धाग्यावर लिहिता. क्रिकेटच्या धाग्यावर पण लिहिलं होतं.

परळवाली, एक शंका. ती उधारीची वही स्कॅन करून चढवली तर? कागदी पुरावाच झाला की. कुणाकडे किती थकबाकी ते सगळं त्यात असेल.

सातरस्ता

वही हा उत्तम ऐतिहासिक दस्तऐवज आहे, पण विकिपीडियासाठी तो प्राथमिक स्रोत, म्हणजे कुणी अभ्यासून न मांडलेला मूळ कागद. एका वहीवरून 'खानावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालत' हा सगळ्या गिरणगावाबद्दलचा निष्कर्ष काढला की ते आपलं स्वतःचं संशोधन होतं, आणि मूळ संशोधन तिथे छापत नाहीत. तो निष्कर्ष अभ्यासकाने काढायचा, त्याच्यावर संपादकाने, परीक्षकाने नजर फिरवायची, आणि आपण त्याचा हवाला द्यायचा. पानाचा फोटो कॉमन्सवर (विकिमीडियाचा चित्रसंग्रह) चढवून लेखात चित्र म्हणून मात्र वापरता येईल. गिऱ्हाइकांची नावं झाका. त्यांची मुलंनातवंडं याच वस्तीत असतील.

माझा विषय कामगार इतिहास आहे, म्हणून तुमचा परिच्छेद वाक्यावाक्याने बघितला.

'खरा आधार होता' : हे मत. ते कुणाचं ते सांगा, नाहीतर गाळा.

'बायकापोरं गावी ठेवून' आणि 'पाळीप्रमाणे झोपत' : याला हवे तितके संदर्भ आहेत. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२३ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी छापली, फिंडले शिरास यांची. बर्नेट-हर्स्ट यांचं मुंबईतल्या कामगारांवरचं आणि त्यांच्या घरांवरचं पुस्तक १९२५ चं. नंतरच्यांपैकी राजनारायण चंदावरकर यांचा १९९४ चा ग्रंथ. खानावळींसाठी तो उघडाच. 'वीस-वीस माणसं' हा आकडा मात्र स्रोतात असेल तसाच लिहा, आपल्या आठवणीतला नको.

'उधारीवर' : मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखती घेऊन केलेलं मौखिक इतिहासाचं पुस्तक २००४ मध्ये आलं. पानोपानी माणसं बोलतात. डोळ्यांनी पाहिलेलं चालतं ते असं, कुणीतरी नोंदवून, तपासून, छापल्यावर.

'फुकट जेवण दिलं' : तुम्ही म्हणता ते घडलं असणार, पण 'काही खानावळवाल्यांनी' आणि 'सगळ्यांनी' यात फार अंतर आहे. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. इतक्या मोठ्या गोष्टीबद्दल सरसकट वाक्य नको.

'सगळ्या खानावळी बंद पडल्या' : हे टिकणार नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. ते मंडळ संपानंतरही चालू राहिलं. म्हणजे तुमच्या परिच्छेदात जी सर्वांत महत्त्वाची गोष्ट यायला हवी होती तीच राहिली आहे, आणि तिला संदर्भ मिळणं सोपं आहे.

डबलडेकर

रुमाल उचलतो. सातरस्ता यांनी सगळं सांगून टाकलं.

अवांतरराव

अवांतर : खानावळीत रविवारी मटण असायचं की बुधवारी? आमच्या वडिलांचं म्हणणं, पगाराच्या रविवारीच मटण, बाकी वेळ सुकटीवर भागवायचं.

परळवाली

@अवांतरराव, आमच्याकडे बुधवारी मासे, रविवारी मटण, आणि श्रावणात गिऱ्हाईक नुसतं तोंड वाकडं करायचं. मसाला लालबागच्या मिरची गल्लीतून. आई स्वतः उभी राहून कुटून घ्यायची, डंकावाल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

फणसगरे

संदर्भ?

अवांतरराव

संदर्भ हवा. आणि रस्साही.

पेपरवाला

मुद्द्यावर येतो. वर्तमानपत्रातली बातमी हा चांगला संदर्भ, पण डोळे झाकून घेऊ नका. मी छापील पत्रकारितेत होतो. घाईत पुरवणी काढताना उपसंपादक विकिपीडिया उघडतो, तिथली बिनासंदर्भाची ओळ लेखात येते, मग कुणीतरी तोच लेख विकिपीडियावर संदर्भ म्हणून लावतो. झालं, थाप पक्की. म्हणून बातमीची तारीख आणि विकिवर ती ओळ कधी आली हे इतिहासात जाऊन ताडायचं. जाहिरातवजा पुरवण्या तर धरूच नका, तिथे मजकूर कोणी दिलेला असतो ते आम्हाला ठाऊक आहे.

आणखी एक. बातम्यांचे दुवे मरतात. संकेतस्थळाची मांडणी बदलली की जुनं सगळं गायब. संदर्भ देतानाच पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर जतन करून तो दुवाही सोबत द्या.

गणूमास्तर

वाद बघायचा असेल तर सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला या विषयावर जा. भाऊसाहेब रंगारी १८९२ की टिळक १८९३, यावर पुण्यात माणसं कोर्टाची भाषा करतात. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीचा १८९३ चा, एवढं लिहून मी गप्प बसतो.

नुक्ता

आणि तिथे कोण बरोबर ते आपण ठरवायचंच नाही. अमक्या अभ्यासकांच्या मते हे, तमक्यांच्या मते ते, दोघांना संदर्भ, ज्याला जेवढा आधार तेवढी जागा. आपल्याला न पटणारी बाजू नीट लिहिता आली की समजायचं, माणूस तयार झाला.

ठिपके

प्रश्न विचारू का, हसू नका. मी एका जाहिरात एजन्सीत आहे. एका बिल्डरचं पान बनवायचं काम आलंय. बॉस म्हणतो तीन-चार खाती काढ आणि हळूहळू भर घाल.

डबलडेकर

इथे डुआयडी (एकाच माणसाची दुसरी खाती) चालतात म्हणून तिथे चालतील असं वाटलं की काय बॉसला?

नुक्ता

@ठिपके, खाती काढू नका. एकाच माणसाने अनेक खात्यांवरून पाठिंबा दाखवणं पकडलं की सगळी खाती एकदम बंद होतात. पैसे घेऊन लिहीत असाल तर कोण मालक, कोण ग्राहक हे जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच आहे. आपल्या सदस्यपानावर लिहा, लेख थेट बदलू नका, चर्चापानावर विनंती ठेवा. आणि आधी हे बघा की त्या बिल्डरबद्दल त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणी सविस्तर लिहिलंय का. नसेल तर पान टिकणार नाही, बॉसने कितीही खाती काढली तरी.

ठिपके

बॉसला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, 'मग विश्वकोशात घालता येईल का?'

फणसगरे

=)) =))

शिवडीचा सूर्या

आमच्या वॉर्डातल्या एका माजी नगरसेवकाचं पान आहे. त्याची सगळी प्रकरणं मी लिहिली, सगळ्या वस्तीला माहीत आहेत, तासाभरात साफ. इथे तर कुणी चर्चापानावर या असंही म्हटलं नाही.

सातरस्ता

हयात व्यक्ती आहे ना, मग तिथे वाट बघत नाहीत. २००५ मध्ये जॉन सीगेन्थॅलर या अमेरिकी पत्रकाराच्या पानावर कुणीतरी गंमत म्हणून लिहिलं की केनेडींच्या हत्येत त्याचा हात असल्याचा संशय होता. ते चारेक महिने तसंच राहिलं. त्यातून हयात व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले. बदनामीकारक आणि बिनासंदर्भाचं असेल तर आधी काढा, मग बोला. 'वस्तीला माहीत आहे' याला तिथे किंमत नाही, आणि कोर्टातही नसते.

कोपऱ्यावरचा

एवढ्या कटकटीपेक्षा एआयला सांगा, संदर्भासकट लेख देतो.

पेपरवाला

देतो खरा. लेखकाचं नाव ओळखीचं, प्रकाशक बरोबर, आणि तसं पुस्तकच नसतं. असा एक लेख तपासायला घेतला होता, दुवा एकही उघडेना. मराठीसारख्या विकिवर हे जास्त घातक, कारण बघणारे डोळे थोडे. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं २०२० मध्ये काय झालं आठवा. भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लेखांचा मोठा हिस्सा लिहून ठेवला होता आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता, तरी भाषेचं नुकसान झालंच.

खोडरबर

सगळे नियम समजावताय, पण परळवालींचा मूळ प्रश्न तसाच आहे. सातरस्ता म्हणतात नोंदवून छापल्यावर चालतं. छापायला कोण येतं? इंग्रजीत प्रत्येक गल्लीबोळावर पुस्तक आहे, आपल्याकडे भंडाऱ्यांच्या, कोळ्यांच्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या निम्म्या गोष्टी कागदावर आलेल्याच नाहीत. ज्यांच्या हातात छापखाना होता त्यांचाच इतिहास पडताळता येतो. मग हा नियम सगळ्यांना सारखा कसा?

सातरस्ता

खोडरबर, या मुद्द्यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. विकिमीडियावाल्यांनाही हा प्रश्न पडला होता. २०११ मध्ये अचल प्रभाला यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेसाठी मौखिक संदर्भांचा प्रयोग केला होता. माहीतगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, त्या उघड ठेवायच्या आणि लेखात त्यांचाच हवाला द्यायचा. कल्पना चांगली होती, पण सर्वमान्य धोरण म्हणून ती रुजली नाही. मुलाखत घेणारा संपादकच असेल तर मूळ संशोधनाचा प्रश्न परत येतो.

माझं मत विचाराल तर नियम सैल करण्यापेक्षा नोंदी वाढवाव्यात. परळवाली, तुमच्या आईच्या खानावळीवर दिवाळी अंकाला लेख द्या, वहीच्या पानांसकट. मात्र तो छापून आल्यावर तुम्हीच उठून विकिवर लावू नका, चर्चापानावर सांगा, दुसरा कुणी योग्य वाटलं तर लावेल.

खोडरबर

म्हणजे परत कुणातरी संपादकाच्या मर्जीवर. असो. पटलं नाही, पण दुसरा उपाय माझ्याकडेही नाही.

परळवाली

सगळ्यांचे आभार. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आले. १८९८ ची संस्था, आणि आम्ही इतकी वर्षं शेजारून बसने जात होतो. चंदावरकरांचं पुस्तक एका प्राध्यापक मैत्रिणीने दिलं. आता चर्चापानावर हे ठेवलंय :

'गिरणी कामगारांपैकी अनेक जण कुटुंब गावी ठेवून मुंबईत एकटे राहत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या जेवणाची सोय खानावळींत होई, आणि यांतल्या अनेक खानावळी स्त्रिया घरातूनच चालवत. या स्त्रियांना संघटित करण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.'

प्रत्येक वाक्याला संदर्भ, पान क्रमांकासकट. संपातल्या फुकट जेवणाचं वाक्य गाळलंय. राग आहेच, कारण ते मी वाढलंय. ज्यांनी माझा परिच्छेद उलटवला होता त्यांनीच येऊन वर्ष मराठी अंकांत केलं, एक वर्ग (विषयवार यादीचं नाव) जोडला आणि 'चांगली भर, लेखात घाला' असं लिहून गेले. माणूस बरा निघाला. दोन ओळी आधी बोलला असता तर हा धागा निघाला नसता.

नुक्ता

घाला लेखात. वाचून नियम शिकायचा कंटाळा येत असेल तर चांगल्या लेखांचं चर्चापान वाचत जा, माणसं कशी भांडतात आणि कशी मिटवतात ते तिथे दिसतं. पहिल्यांदा मदतपानं वाचूच नका.

मेघना_गिरगाव

उशिरा आले. आमच्या शाळेच्या पानावर मुख्याध्यापिकांनी शाळेच्या स्मरणिकेतला मजकूर जसाच्या तसा चिकटवलाय. तो चालेल ना? स्मरणिका छापील आहे, वर्ष आहे, पान क्रमांक आहे.

नुक्ता

नाही चालणार. संदर्भ म्हणून स्मरणिका स्थापनेच्या वर्षासारख्या साध्या गोष्टींपुरती ठीक, पण मजकूर जसाच्या तसा म्हणजे प्रताधिकाराचा भंग. शब्द आपले हवेत. केतकरांच्या ज्ञानकोशासारखं जुनं असेल तर वेगळं. केतकर १९३७ ला गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो. तुमच्या स्मरणिकेचे लेखक बहुतेक अजून हयात असतील.

मेघना_गिरगाव

लेखिका त्याच मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी परवानगी दिली तर?

नुक्ता

तर मुक्त परवान्याखाली लेखी परवानगी लागते, तोंडी नाही. आणि त्या स्वतःच्या शाळेबद्दल लिहितायत तो हितसंबंधांचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी नवा धागा काढा, इथे खानावळ चालू आहे.